व्यापार कराराचा मसुदा नागरिकांना केव्हा दिसावा?

मुळाक्षर (धागाकर्ता):
आंतरराष्ट्रीय व्यापार करारांत आता केवळ आयातशुल्काचे दर ठरत नाहीत. औषधांच्या पेटंटची मुदत, विदेची (डेटाची) सीमापार साठवणूक, परकीय गुंतवणूकदाराने सरकारला लवादापुढे खेचण्याचा हक्क, अशा ज्या बाबी एरवी संसदेत कलमवार चर्चा होऊन कायद्यात येतात, त्याही तिथेच ठरतात. विधेयक सर्वांसमोर आणि कराराचा मसुदा मात्र कुलूपबंद, हे मला पटत नाही.

माझे म्हणणे मर्यादित आहे. आपण कुठवर माघार घेऊ, हे सरकारने खुशाल गुप्त ठेवावे. परंतु जो प्रस्ताव समोरच्या देशाच्या हाती लेखी दिला, तो प्रतिपक्षाला त्या क्षणी कळलेला असतो. त्यानंतरची गोपनीयता उरते ती स्वतःच्याच नागरिकांपासून. बनावट मालाविरुद्धच्या ‘अ‍ॅक्टा’ कराराच्या वाटाघाटी २००८ मध्ये सुरू झाल्या आणि अधिकृत मसुदा बाहेर आला तो एप्रिल २०१० मध्ये, तोही फुटलेल्या प्रती आधीच हातोहात फिरल्यावर. जुलै २०१२ मध्ये युरोपीय संसदेने तो ४७८ विरुद्ध ३९ मतांनी फेटाळला. लोकांना अंधारात ठेवून वेळ वाचला, असे निदान तिथे तरी म्हणता येणार नाही.

तागडी:
आपण केलेली फोड कागदावर नेटकी दिसते, पण वाटाघाटीच्या टेबलावर ती टिकत नाही. पहिले कारण असे, की आपला प्रस्ताव एका देशाला कळला म्हणजे सर्वांना कळला असे होत नाही. उद्या ज्या तिसऱ्या देशाशी बोलणी करायची, तो आजची सवलत पाहून तिथूनच सुरुवात करील. दुसरे, ‘सर्व काही ठरेपर्यंत काहीच ठरलेले नाही’ या तत्त्वावर ही बोलणी चालतात. एका क्षेत्रात दिलेली सवलत दुसऱ्या क्षेत्रात काहीतरी मिळेल या अटीवर असते, आणि ते मिळण्याआधीच पहिली बाब जाहीर झाली, तर ज्यांचे नुकसान होणार ते रस्त्यावर येतात आणि ज्यांचा लाभ होणार त्यांना अजून त्याचा पत्ताच नसतो.

शिवाय जनसल्लामसलत म्हणजे जनमत नव्हे. अमेरिकेबरोबरच्या प्रस्तावित करारातील गुंतवणूक संरक्षणावर युरोपीय आयोगाने (युरोपीय संघाच्या कार्यकारी मंडळाने) २०१४ मध्ये मते मागवली, तेव्हा सुमारे दीड लाख उत्तरे आली. त्यांतली सुमारे ९७ टक्के उत्तरे हितसंबंधी गटांच्या संकेतस्थळांवरून, आधीच लिहून ठेवलेल्या मजकुरासह आलेली होती.

मुळाक्षर:
छापील उत्तरांबद्दलचा आक्षेप मान्य. तरीही त्यानंतर काय झाले तेही पाहावे. आयोगाने २०१५ मध्ये जुन्या लवादाऐवजी स्थायी गुंतवणूक न्यायालयाचा प्रस्ताव मांडला आणि पुढे कॅनडाबरोबरच्या करारातही तो बदल आला. मसुदा बदलता येण्याजोगा असतानाच लोकांना विचारले, म्हणून हे शक्य झाले. अमेरिकेचा २०१५ चा कायदा, ज्याची मुदत २०२१ मध्ये संपली, सहीआधी ६० दिवस मजकूर प्रसिद्ध करायला सांगत होता, पण तोवर वाटाघाटी आटोपलेल्या असत. अशा वेळी वाचक फक्त हो किंवा नाही म्हणू शकतो.

कोपऱ्यातला:
गोपनीयता सर्वांना सारखी लागू असती तर तागडी यांच्याशी मी बराचसा सहमत झालो असतो. अमेरिकेत १९७४ च्या व्यापार कायद्यानुसार नेमलेल्या सल्लागार समित्यांना मसुदे पाहता येतात, आणि त्यांत उद्योगांचे प्रतिनिधी मोठ्या संख्येने असतात. उलट, २०१६ मध्ये जर्मनीच्या निवडून आलेल्या खासदारांना युरोप-अमेरिका कराराचा मसुदा पाहायचा, तर मंत्रालयातल्या वाचनकक्षात फोन बाहेर ठेवून, देखरेखीखाली, दोन तास बसावे लागे आणि वाचलेल्या मजकुराबद्दल बाहेर बोलण्याची मनाई होती. शेकडो पानांचा कायदेशीर मजकूर दोन तासांत वाचून कोण काय मत बनवणार?

तागडी:
समित्यांच्या रचनेतला दोष मान्य आहे. त्यावर उपाय म्हणजे कामगार, ग्राहक व आरोग्य क्षेत्रातील लोकांना त्याच अटींवर आत घेणे. मात्र त्या युरोप-अमेरिका बोलण्यांत आयोगाने जानेवारी २०१५ पासून स्वतःचे प्रस्ताव जाहीर केले होते, आणि ती बोलणी तडीस गेली नाहीत, हेही विसरू नये.

मुळाक्षर:
गुप्तपणे पूर्ण झालेल्या, प्रशांत महासागराभोवतीच्या बारा देशांच्या प्रशांत-पार करारातूनही अमेरिका जानेवारी २०१७ मध्ये बाहेर पडली. तेव्हा अपयशाचे खापर प्रसिद्धीवर फोडता येत नाही. युरोपीय संघाने न्यूझीलंडशी २०१८ मध्ये बोलणी सुरू करताना स्वतःचे मसुदे जाहीर केले, २०२२ मध्ये बोलणी पूर्ण झाली आणि मे २०२४ पासून तो करार लागू आहे.

तागडी:
उदाहरण चांगले आहे, पण तिथे जाहीर झाले ते नियमांविषयीचे एकतर्फी प्रस्ताव. शुल्कसवलतींचे देकार बंदच राहिले. नियमांची प्रकरणे खुली आणि शुल्कांचे तक्ते बंद, इथवर मी येऊ शकतो. दोन्ही बाजूंचे म्हणणे कंसांत मांडलेला एकत्रित मसुदा मात्र दुसऱ्या देशाच्या संमतीशिवाय आपण एकट्याने कसा प्रसिद्ध करणार, याचे उत्तर या धाग्यात अजून कोणी दिलेले नाही.

कोपऱ्यातला:
ती संमती पहिल्या बैठकीआधीच, कामकाजाचे नियम ठरवताना घ्यावी. गोपनीयतेचा करार त्याच वेळी होतो, मग प्रसिद्धीचा का होऊ नये?