राजदूत ३५० : दोन्ही कार्बोरेटर उघडून पुन्हा गळतीमुक्त कसे करावेत?

प्रश्न

माझ्याकडे १९८६ सालची राजदूत ३५० मोटरसायकल आहे. वडिलांनी ती नवी घेतली होती आणि गेली सहा वर्षे ती पडवीत झाकून उभी होती. आता चालू केल्यावर पेट्रोलचा कॉक उघडताच पाच मिनिटांत डाव्या कार्बोरेटरच्या ओव्हरफ्लो नळीतून पेट्रोल ठिबकू लागते आणि खालच्या वाटीचा जोडही ओला होतो. एका मेकॅनिकने तो जोड सिलिकॉनच्या पेस्टने बंद केला, पण आठ दिवसांत गळती पुन्हा सुरू झाली. उजवा कार्बोरेटर पूर्ण कोरडा आहे. डावा प्लग काळा आणि उजवा पांढुरका दिसतो; शिवाय अ‍ॅक्सिलरेटर सोडला तरी इंजिनाचा वेग लगेच खाली येत नाही. फक्त डावा कार्बोरेटर उघडून चांगल्या पेस्टने बंद करावा असा विचार आहे. कोणती पेस्ट वापरावी?

पहिले उत्तर

कोणतीही पेस्ट वापरू नये. पेट्रोलमध्ये सिलिकॉन फुगते, त्याचे तंतू सुटतात आणि पायलट जेटच्या (कमी वेगात पेट्रोल सोडणाऱ्या पितळी तुकड्याच्या) केसाएवढ्या छिद्रात जाऊन अडकतात. वाटीच्या जोडाला फक्त गॅस्केट हवे आणि ते बसण्यासाठी दोन्ही पृष्ठभाग सपाट हवेत. जुने स्क्रू फार आवळल्यामुळे वाटीचे कान वाकलेले असतील, तर सपाट काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून त्यावर वाटी हलक्या हाताने फिरवावी, म्हणजे उंचवटे लगेच दिसतात.

नळीतून येणाऱ्या पेट्रोलचा मात्र गॅस्केटशी काहीही संबंध नाही. तेथे फ्लोटची (वाटीतल्या पेट्रोलवर तरंगणाऱ्या भागाची) पेट्रोल अडवणारी सुई तिच्या सीटवर नीट बसत नाही, किंवा सीटखालचा वायसर गेलेला आहे, किंवा फ्लोटमध्ये पेट्रोल शिरले आहे. फ्लोट पितळी असेल तर तो गरम पाण्यात बुडवावा. भोक असल्यास बुडबुडे येतात. सुई आणि सीट नेहमी जोडीनेच बदलावी, कारण जुन्या सीटवर झिजून पडलेली गोल खूण नव्या सुईलाही धड बसू देत नाही. जोडणी झाल्यावर कार्बोरेटर उलटा धरून पेट्रोलच्या तोटीत स्वच्छ नळीने फुंकावे. हवा अजिबात गेली नाही, तरच तो गाडीवर चढवावा. ही तपासणी टाळू नये, कारण टू-स्ट्रोक इंजिनात वाहून आलेले पेट्रोल क्रँककेसमध्येही साचू शकते.

आपल्या प्रश्नात मला खरी काळजी वाटते ती कोरड्या दिसणाऱ्या उजव्या बाजूची. बाहेर येणारे पेट्रोल दिसते. आत शिरणारी हवा दिसत नाही. पांढुरका प्लग आणि उशिरा उतरणारा वेग ही दोन्ही लक्षणे एकत्र आली की मिश्रण पातळ झाले आहे, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी जात आहे, असे समजावे. पातळ मिश्रणावर हे इंजिन महामार्गावर जोरात चालवले, तर पिस्टन सीझ व्हायला वेळ लागत नाही. कार्बोरेटर आणि रीड व्हॉल्व्ह (मिश्रण फक्त इंजिनाकडेच जाऊ देणारी झडप) यांच्यामधला रबरी मॅनिफोल्ड काढून उजेडात वाकवून पाहावा. त्यामुळे दोन्ही बाजू उघडा, आणि उजवी आधी.

दुसरे उत्तर

वरील म्हणण्याशी मी पूर्ण सहमत आहे. फक्त उघडण्याविषयी थोडी भर घालतो. या कार्बोरेटरचे स्क्रू जपानी मापाचे आहेत, त्यामुळे बाजारातला साधा फिलिप्स स्क्रूड्रायव्हर त्यांच्यात पूर्ण बसत नाही आणि खाच सोलवटते. जपानी मापाचा स्क्रूड्रायव्हर मिळवावा. एअर स्क्रू (हवेचे प्रमाण ठरवणारा स्क्रू) काढण्यापूर्वी तो हलकेच आत टेकेपर्यंत किती वेढे फिरतो ते लिहून ठेवावे. स्लाइडमधल्या (मुठीबरोबर वर-खाली होणाऱ्या झडपेतल्या) लांब सुईची क्लिप कितव्या खाचेत आहे, हेही लिहावे; ही फ्लोटची सुई नव्हे. डाव्या-उजव्या बाजूंचे भाग वेगवेगळ्या डब्यांत ठेवावेत. जेट साफ करताना तार घालू नये, कारण पितळ मऊ असते आणि छिद्र मोठे झाले की जेटवर कोरलेल्या आकड्याला अर्थ उरत नाही. क्लीनर फवारण्याआधी सर्व रबरी भाग बाजूला काढावेत. नवे ओ-रिंग शक्यतो व्हिटॉनचे (इंधनात टिकणाऱ्या रबराचे) घ्यावेत, कारण आता पंपावर २० टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल मिळते आणि जुन्या प्रकारचे रबर त्यात टिकत नाही.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. उजवा मॅनिफोल्ड काढून वाकवला, तेव्हा क्लॅम्पखाली जवळजवळ अर्धा वेढा चीर दिसली. बाहेरून ती अजिबात कळत नव्हती. डाव्या बाजूच्या सुईच्या टोकावर खोल रेघ पडली होती, आणि पायलट जेटमध्ये खरोखरच पेस्टचा तुकडा सापडला. दोन्ही मॅनिफोल्ड, सुया, सीट आणि गॅस्केट नवी घेतली आहेत. जोडताना आणखी काय सांभाळावे?

पहिले उत्तर

स्लाइडचा कापलेला भाग एअर फिल्टरच्या बाजूला आला पाहिजे. उलट बसली तर स्लाइड पूर्ण खाली येत नाही आणि इंजिन चालू होताच सुसाट फिरते. केबल जोडल्यावर एअर फिल्टर काढून दोन्ही तोंडांत बोटे ठेवावीत आणि मूठ अगदी हळू फिरवावी. दोन्ही स्लाइड एकाच क्षणी उचलल्या गेल्या पाहिजेत. इंजिनात ऑइल सोडणारा ऑइल पंप अजून जागेवर असेल तर त्याची केबलही त्याच मुठीवर आहे, म्हणून कार्बोरेटर जुळवल्यानंतरच पंपाच्या चाकावरची खूण जुळवावी. हा क्रम उलटा केला तर ऑइल कमी पडू शकते.

पहिले दहा-बारा किलोमीटर मूठ अर्ध्याच्या वर नेऊ नये. परत आल्यावर दोन्ही प्लग काढून शेजारी ठेवावेत. उजवा अजूनही पांढुरका असेल, तर गाडी बाहेर न काढता क्रँकच्या सीलकडे वळावे, कारण तेथूनही हवा आत शिरू शकते.