कमी 'अचूक' म्हणजे काय?

रेघोटी: रुग्णांसाठीच्या एका माहितीपत्रकाचं मराठी करते आहे. दंडाला पट्टा बांधून किंवा मनगटाच्या नाडीवर संवेदक टेकवून, हृदयातून निघणाऱ्या महाधमनीतला दाब सांगणाऱ्या यंत्रांबद्दल ते आहे. मी लिहिलं, 'केंद्रीय रक्तदाबाच्या अनाक्रमक मापनाची अचूकता कमी असू शकते.' 'केंद्रीय' दिल्लीचं वाटतं म्हणून 'मध्यवर्ती' केलं. 'अनाक्रमक'च्या जागी 'शरीरात नळी न घालता' घेतलं. अडलंय 'अचूकते'वर. तपासणाऱ्या बाई म्हणतात, ज्यात चूक नाही ते अचूक, मग कमी अचूक कसं असेल?

कॅथलॅबवाला: त्याआधी 'मापन' काढा, ताई. मापन म्हणजे नळी महाधमनीपर्यंत नेऊन घेतलेला दाब. ही यंत्रं तो गणिताने काढतात. मनगटावर नाडीच्या लाटेचा आकार मिळतो, पण मिलिमीटर पाऱ्यातले आकडे नाही मिळत. ते दंडाच्या पट्ट्याकडूनच घ्यावे लागतात. आणि नळीशी ताडून पाहिलं तर पट्टा वरचा दाब बहुधा कमी दाखवतो, खालचा जास्त. ती चूक तशीच पुढे जाते.

शुद्धमती: मग 'अनुमान' लिहा. न्यायशास्त्रात, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रात, प्रत्यक्ष वेगळं, अनुमान वेगळं. धूर दिसला म्हणून डोंगरावर अग्नी आहे, हे अनुमान. 'अंदाज' फारसी आहे, त्यात प्रमाणाचं, म्हणजे खात्रीच्या ज्ञानसाधनाचं, बळ नाही.

वाळूचिठ्ठी: माझे वडील गवंडी. 'अदमासे दोन ब्रास' म्हणाले की गाडी तेवढीच लागायची. फारसी असो की संस्कृत, अंदाज जाणकाराचा असला तर बळ असतंच.

कॅथलॅबवाला: शुद्धमतींचा दाखला आवडला. धूर-अग्नीच्या जागी इथे एक सूत्र असतं. नळी घातलेल्या रुग्णांच्या नोंदींवरून, मनगटाची लाट अशी तर महाधमनीतली तशी, असं ते सरासरीने बसवलेलं असतं. समोरचा माणूस त्या सरासरीत बसेलच असं नाही. तरुणांत दंडातला वरचा दाब महाधमनीतल्यापेक्षा बराच जास्त असतो, वय वाढेल तसा फरक घटतो. खालचा दाब मात्र दोन्हीकडे जवळपास सारखाच.

शुद्धमती: म्हणजे व्याप्तीच, धूर तिथे अग्नी हा नेमच, कच्ची! मग ते अनुमानही नव्हे, अनुमानाभास.

रेघोटी: पण अचूकता?

कॅथलॅबवाला: त्यात दोन गोष्टी आहेत. आकडा सरासरीने किती सरकलाय आणि वाचनं किती पांगलीत. रक्तदाबयंत्रांची रूढ कसोटी सरासरी फरक ५ मिमीच्या आत आणि प्रमाण विचलन, म्हणजे पांगण्याचं माप, ८ मिमीच्या आत मागते. सरासरी फरक शून्याजवळ असूनही एखाद्याच्या बाबतीत यंत्र १५ मिमीने चुकू शकतं. एकट्या 'अचूकता' शब्दात हे मावत नाही.

शुद्धमती: पहिल्याला 'यथार्थता', दुसऱ्याला 'सुसंगती'.

वाळूचिठ्ठी: पत्रक रुग्ण वाचणार आहे! आमच्या गावात 'मला बीपी आहे' म्हणजे बीपी वाढलेलं आहे. तिथे यथार्थता कोण वाचेल? 'यंत्राचा आकडा खऱ्या दाबापेक्षा थोडा कमी-जास्त येऊ शकतो' एवढं लिहा.

शुद्धमती: सोपं करायचं म्हणून शब्दच टाकून दिले तर पुढच्या पिढीला ते मिळणार कुठून? रक्तदाब हाही कधीतरी नवाच शब्द होता.

वाळूचिठ्ठी: होता, पण रक्त आणि दाब दोन्ही घरात होते. यथार्थता माझ्या घरात नव्हती.

जुनीवही: उशिरा आलो. मूळ मजकुरात 'महाधमनी' का? शाळेत आम्ही रोहिणी आणि नीला शिकलो. महारोहिणी हवं.

शुद्धमती: सुश्रुतात रोहिणी आहे, पण शिरांचा प्रकार म्हणून. अरुणा, नीला, गौरी, रोहिणी. त्यातली रक्त वाहणारी ती रोहिणी. धमनी तिथे निराळी सांगितली आहे. शिवाय धमनीत 'ध्मा' धातू आहे, फुंकणे. ग्रीकांनाही या नळ्यांतून वारा वाहतो असं वाटे.

जुनीवही: म्हणजे धमनी चुकीच्या समजुतीवर उभी आहे. रोहिणीत निदान रक्त तरी आहे.

कॅथलॅबवाला: आमच्याकडे सगळे एओर्टाच म्हणतात.

शुद्धमती: म्हणतात म्हणून ते मराठी होत नाही, डॉक्टर. आणि जुनीवही, व्युत्पत्तीतला वारा वापरात कधीच विरला. धमनीचा ठोका लागतो असंच आपण म्हणतो.

जुनीवही: ठोका नाडीचा लागतो.