मदत हवी आहे: आईचा पेट स्कॅन करावा का?

आई ७४ वर्षांची. दीड वर्षापासून विसरणं वाढतंय. तोच प्रश्न दहा मिनिटांत पुन्हा विचारते, हल्ली हिशेबही चुकतात. बी-१२, थायरॉईड, सोडियम ठीक. नैराश्य नाही, झोपेच्या गोळ्या नाहीत, डोक्याला मार नाही. मोका चाचणीत (स्मरणशक्ती आणि विचारशक्ती तपासणारी छोटी चाचणी) ३० पैकी १७. जुन्या पेसमेकरमुळे एमआरआय होत नाही, म्हणून सीटी केला: गाठ, रक्तस्राव, पाणी साचणं काही नाही, फक्त 'वयानुसार मेंदू आकसलेला'. एवढ्यावरून अल्झायमर आहे किंवा नाही, दोन्ही म्हणता येत नाही, हे समजलंय. आता डॉक्टरांनी एफडीजी पेट (मेंदूचा कोणता भाग किती साखर वापरतो हे दाखवणारा स्कॅन) सुचवलाय, पण अनोळखी जागी ती फार घाबरते. अल्झायमर की फ्रंटोटेम्पोरल (स्मृतिभ्रंशाचा दुसरा प्रकार), एवढं त्यातून कळलं तर तिचे उपचार खरंच बदलतील का, की सहा महिन्यांनी पुन्हा मोका घेऊन मग ठरवलं तरी चालेल?