३० हजारांत टिकणारं ग्राफिक्स कार्ड कोणतं? आधीचं दोन वर्षांत गेलं

अकोला_१४४हर्ट्झ
नमस्कार मंडळी, महिनाभर व्हिडिओ बघून बघून डोकं फिरायची वेळ आलीय म्हणून इथं विचारतोय. पीसी असा आहे, रायझन ५ ३६००, बी४५० बोर्ड, १६ जीबी रॅम, मॉनिटर १०८०पी १४४ हर्ट्झ, एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) ४५० वॉटचा, कॅबिनेटसोबतच आलेला. व्हॅलोरंट रोज, आणि सायबरपंक नीट खेळायचाय एकदा. आधी जीटीएक्स १६५० होतं ते दोन वर्षं चार महिन्यांत गेलं, दुकानदार म्हणाला बिलात घोळ आहे वॉरंटी मिळणार नाही, तो विषय संपला.

बजेट ३०, अगदी ताणलं तर ३२. पुण्यात एकजण आरटीएक्स ३०७० वीस हजारात देतोय, म्हणतो घरीच वापरलेलं आहे. नवीन घ्यायचं तर आरएक्स ७६०० किंवा आरटीएक्स ५०६०, आणि एक मित्र म्हणतो इंटेल आर्क बी५८० घे १२ जीबी मेमरी मिळते. मला दोन एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) कमी मिळाले तरी चालतील पण कार्ड चार-पाच वर्षं टिकलं पाहिजे, कारण घरून पुन्हा पैसे मिळणार नाहीत. कोणत्या कंपनीचं कार्ड टिकतं?

ता.क. कॅबिनेटला कधी कधी हात लागला की मुंग्या येतात, अनवाणी असलं की जास्तच, तेवढं सोडलं तर पीसी ठणठणीत आहे.

तपकीर_गल्लीचा_वारकरी
मित्रा ३०७० बद्दल आधी बोलतो कारण मी स्वतः दोन सेकंडहँड कार्डं घेतलीत, एक मस्त निघालं, दुसऱ्यानं रडवलं. ३०७० आलं ऑक्टोबर २०२० ला. तो सगळा काळ इथेरियम मायनिंगचा, म्हणजे कार्डं दिवसरात्र चालवून क्रिप्टो नाणी कमावण्याचा होता, १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमनं ती पद्धतच बदलली आणि एका रात्रीत ढिगानं कार्डं बाजारात आली. मायनिंगनं चिप मरते असं सरसकट मी म्हणणार नाही, चिप बऱ्याचदा ठीक असते, पण पंखे घासलेले असतात, थर्मल पॅड (उष्णता हीटसिंककडं नेणाऱ्या मऊ पट्ट्या) वाळलेले असतात आणि मेमरी दिवसरात्र तापलेली असते. "घरीच वापरलंय" हे सगळेच म्हणतात. आणि वॉरंटी साधारण तीन वर्षांची धर, म्हणजे त्यातली बहुतेक कार्डं आता वॉरंटीबाहेर आहेत. बिल आणि सिरीयल नंबर माग, दोन्ही जुळले पाहिजेत.

तरी घ्यायचंच असेल तर कुरिअरनं मागवू नको, त्याच्या घरी जा, अर्धा तास जड गेम चालवायला लाव, एचडब्ल्यू इन्फो हे तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर उघडून हॉटस्पॉट, म्हणजे चिपचा सगळ्यात गरम भाग, बघ. कार्डाचं तापमान ७० आणि हॉटस्पॉट १०० च्या पुढं, असा फरक दिसला की चिपवरची थर्मल पेस्ट संपलीय असं समज. जीपीयू-झेड या कार्डाची ओळख दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नाव तपास. नाव बदलून विकलेली कार्डं खरंच असतात, आरएक्स ५८० म्हणून कमी कोअरचं २०४८ एसपीवालं खपवतात, जे मुळात ५७० च्या ताकदीचं आहे. स्क्रूवरचं स्टिकर फाटलंय का तेही बघ.

पण तुझा एसएमपीएस बघून मी म्हणेन की ३०७० चा विचारच सोड. ते एकटं २२० वॉट खातं आणि तुझ्याकडं कॅबिनेटसोबत आलेला डबा आहे.

जुनं जीटीएक्स १०७० किंवा १०८० टीआय स्वस्तात दिसलं तरी घेऊ नको, त्या पिढीचे नेहमीचे गेम ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) ऑक्टोबर २०२५ ला थांबले.

सोल्डर_आणि_चहा
नागपूरला बोर्ड रिपेअर करतो, रोज दोन-चार ग्राफिक्स कार्डं टेबलावर येतात. भाऊ, तू जे शेवटी ता.क. मध्ये लिहिलंस ना, ते सगळ्यात वर पाहिजे होतं.

आधी सांग, १६५० गेलं ते कसं गेलं? एकदम बंद पडलं की आधी एखादा पोर्ट गेला? आणि पीसी टीव्हीला जोडायचास का?

अकोला_१४४हर्ट्झ
दादा तुम्हाला कसं कळलं? हो, आधी एचडीएमआय गेला. दिवाळीत चुलतभाऊ आले होते म्हणून हॉलमधल्या टीव्हीला जोडत होतो, चालू पीसीलाच केबल लावली, बारीक ठिणगी दिसली आणि तो पोर्ट मेला. मग डिस्प्ले पोर्टवर सहा-सात महिने चाललं आणि एक दिवस स्क्रीन काळी, पंखा फिरून राहिला पण चित्र नाही.

सोल्डर_आणि_चहा
आता ऐक, थोडं लांब लिहितो पण पूर्ण वाच.

तुझ्या पीसीला अर्थिंग नाही, मला जवळजवळ खात्री आहे. प्रत्येक एसएमपीएसमध्ये आत येणाऱ्या लाइनवर फिल्टर असतो, त्यातले दोन छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलपासून बॉडीला जोडलेले असतात, त्यातून थोडासा करंट बॉडीवर येतो आणि अर्थच्या वायरनं जमिनीत जातो, ते डिझाइनच तसं आहे. अर्थ तुटलेला असेल तर त्याला जायला वाट नाही, मग सगळं कॅबिनेट साधारण अर्ध्या लाइन व्होल्टेजवर तरंगत राहतं, म्हणजे ११०-११५ च्या आसपास. करंट फार कमी असतो म्हणून नुसत्या मुंग्या येतात. आता टीव्ही केबलच्या वायरीनं किंवा डिशच्या तारेनं दुसऱ्या ठिकाणी जोडलेला. तू एचडीएमआय लावली की दोघांमधला सगळा फरक त्या बारक्या केबलमधून वाहतो, आणि पोर्टच्या मागं जे मुंगीएवढे पार्ट असतात ते जळतात. ती ठिणगी म्हणजे हेच. नंतर कार्ड पूर्ण मेलं ते त्याच धक्क्यानं की दुसऱ्या कशानं हे कार्ड हातात घेतल्याशिवाय मी सांगणार नाही. पण पोर्ट मात्र यानंच गेला. ह्यात कार्डाच्या कंपनीचा काही संबंध नाही, पन्नास हजारांचं आणलंस तरी त्याच प्लगवर त्याचंही तेच होईल.

मल्टिमीटर असेल तर एसीवर ठेवून प्लग बघ. फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थ जवळपास तेवढंच, आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्ट आलं पाहिजे. जमत नसेल तर हात घालू नको, वायरमनला बोलाव. आणि एक गोष्ट त्याला बजावून सांग, बोर्डात न्यूट्रल आणि अर्थची पिन एकमेकांना जोडायची नाही. काही जण पाच मिनिटांत काम उरकायला हे करतात, मुंग्या बंदही होतात, पण ज्या दिवशी न्यूट्रल तुटेल त्या दिवशी तुझ्या कॅबिनेटच्या पत्र्यावर पूर्ण २३० येतील. जीव जातो त्यानं.

मग एसएमपीएस. ५५० वॉटचा, चांगल्या कंपनीचा, ८० प्लस ब्रॉन्झ (वीज कमी वाया घालवण्याचा दर्जा), पाच वर्षं वॉरंटीचा घे. कॅबिनेटसोबत येतात त्यात निम्म्या वेळा संरक्षणाचे पार्टच बसवलेले नसतात, उघडून बघितलेत मी.

कोथरूड_फ्रेमटाइम
वरचं सगळं पटलं. फक्त कार्डाबद्दल सांगतो कारण मूळ प्रश्न तो होता.

आर्क बी५८० चांगलं आहे पण तुझ्या ३६०० सोबत नको. त्याचा ड्रायव्हर प्रोसेसरकडून फार काम करून घेतो, जुन्या प्रोसेसरवर फ्रेम बऱ्याच पडतात, आणि रिसाइझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी बायोसमधली सेटिंग) चालू नसेल तर आणखी वाईट. आरएक्स ७६०० आणि ५०६० दोन्ही ८ जीबी आणि दोन्ही पीसीआयई च्या (बोर्ड आणि कार्ड यांमधला डेटाचा रस्ता) आठच लेन वापरतात, तुझा बी४५० पीसीआयई ३.० चा, त्यामुळं ८ जीबी भरले की जास्त अडखळेल, टेक्स्चर अल्ट्रावरून हायवर आण मग त्रास नाही. माझ्या मनातलं कार्ड आरएक्स ९०६० एक्सटी १६ जीबी आहे, सोळा लेन आणि मेमरीची चिंता नाही, पण ते तुझ्या बजेटच्या वर जातं. दोन-तीन महिने थांबता येत असेल तर थांब.

सोल्डर_आणि_चहा
थांबायला माझी हरकत नाही, पण ३० मध्येच बसवायचं असेल तर मी ५०६० म्हणेन, कारण अकोला. ते १४५ वॉट, ७६०० १६५ वॉट. आपल्याकडं मे महिन्यात खोली ४२ वर असते. पुण्या-मुंबईचे रिव्ह्यू २५ डिग्रीच्या एसी खोलीत ६८ दाखवतात, म्हणजे खोलीच्या वर ४३ डिग्री, तेच कार्ड तुझ्याकडं ८५ ला जाईल. एवढा साधा हिशोब आहे. म्हणून दोन पंखे आणि जाड हीटसिंक असलेलं घे, लायटींवर पैसे घालवू नको. उन्हाळ्यात आफ्टरबर्नर या कार्डाच्या सेटिंग बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पॉवर लिमिट ८० टक्के कर, फ्रेम थोड्याच पडतात, गरमी बरीच उतरते. आणि कूलरच्या तोंडासमोर पीसी ठेवू नको, गारवा मिळतो पण ओलावा आणि धूळ दोन्ही आत जातात, अशा कार्डांवर मी हिरवे डाग बघितलेत.

कंपनीचं म्हणशील तर चिप सगळ्यांची एकच. तुझ्या जवळ कुणाचं सर्व्हिस सेंटर आहे किंवा कोण कुरिअरनं कार्ड घेतं, ते विचारून घे, मग नाव ठरव.

अकोला_१४४हर्ट्झ
पाच दिवसांनी लिहितोय. वायरमन काका आले होते, माझ्या प्लगवर फेज-अर्थ १२१ आणि न्यूट्रल-अर्थ १०६ दाखवलं. मीटरजवळ अर्थची तार गंजून तुटलेली होती, वरच्या मजल्याला अर्थच पोचत नव्हता, म्हणजे फ्रिज आणि वॉशिंग मशीनसुद्धा तसंच चालू होतं. आई ऐकून घाबरलीच, तिलाही मशीनला मुंग्या यायच्या, ती म्हणायची ओल्या हातामुळं असेल. नवीन तार ओढली, अर्थिंगचा खड्डा भरला, आता न्यूट्रल-अर्थ २ च्या आत आहे आणि कॅबिनेटला हात लावून बसलो तरी काही नाही. दादा तुमचे खरंच आभार, कार्डाचा प्रश्न विचारला आणि घराचं काम झालं.

एसएमपीएस काल मागवला. त्यात आणि वायरिंगमध्ये पैसे गेले, त्यामुळं ९०६० एक्सटीचा विषय संपला, पुढच्या महिन्यात ५०६० घेतोय.

तपकीर_गल्लीचा_वारकरी
भारी झालं. कार्ड आलं की बॉक्स फोडतानाचा व्हिडिओ काढ, सिरीयल नंबर त्यात स्पष्ट दिसू दे, आणि बिलावर तोच नंबर लिहून घे दुकानदाराकडून, नुसतं "ग्राफिक्स कार्ड १ नग" असलेलं बिल घेऊ नको. मागच्या वेळी घोळ तिथंच झाला असणार. बॉक्स माळ्यावर टाक, तीन वर्षं फेकू नको.