१९०० किलोचा गिअरबॉक्स, एम-२० चे दोन आय बोल्ट पुरतील का?

रबाळे_मेंटेनन्स
नमस्कार मंडळी. रबाळे एमआयडीसीत एका कारखान्यात मेंटेनन्स बघतो. रविवारी शटडाउन आहे. मिक्सरचा जुना गिअरबॉक्स उतरवून ओव्हरहॉलिंगला पाठवायचाय. प्लेटवर वजन १९०० किलो, बॉडी बिडाची, वर चार कोपऱ्यांना एम-२० ची (२० मिमी आट्यांची) भोकं आहेत. स्टोअरमध्ये एक डबाभर आय बोल्ट (डोक्याला गोल डोळा असलेले, उचलायचे बोल्ट) सापडले. काहींवर एम-२० चा शिक्का आहे, काहींवर काहीच नाही, पण भोकात बसतात सगळे. चार्टमध्ये एम-२० ला १२०० किलो दिलंय, म्हणजे दोघांचे २४०० झाले. खलाशी (जड सामान उचलणारा कामगार) म्हणतो, समोरासमोर दोन लावू, एकच पट्टा दोन्ही डोळ्यांतून ओवू आणि क्रेनच्या हुकात अडकवू. हिशोब जुळतोय, पण मनाला पटत नाहीये. शिवाय त्याच फ्रेमवर मोटर आहे, तिलाही वर आय बोल्ट आहे. सगळं एकदम उचललं तर वेळ वाचेल. काय करावं?

वागळे_जुना_फिटर
मनाला पटत नाहीये ते बरोबर आहे, थांबा. मी वागळे इस्टेटमध्ये छत्तीस वर्षं फिटर होतो, शेवटची बारा फोरमन. सविस्तर लिहितो.

आधी एक सांगा, ती चार भोकं बॉडीला आहेत की झाकणाला? झाकणावरची भोकं फक्त झाकण उचलायला असतात. त्यांना धरून अख्खा गिअरबॉक्स उचलला तर सगळं वजन झाकणाच्या बोल्टांवर येतं.

आता तुमचा हिशोब. १२०० किलो हा आकडा सरळ वर ओढायचा आहे. पट्टा तिरका झाला की आय बोल्टला वाकवणारा जोर लागतो. डीन ५८० च्या (आय बोल्टच्या जर्मन मानकाच्या) तक्त्यात ४५ अंशांच्या तिरक्या ओढीला एम-२० ला प्रत्येकी ८६० किलोच धरलेत. दोघांचे १७२० झाले आणि तुमचं वजन १९००. म्हणजे पुरत नाहीत. काही कंपन्यांच्या चार्टमध्ये ४५ अंशांना सरळ क्षमतेच्या ३० टक्केच दिलेले असतात, म्हणून जो बोल्ट हातात आहे त्याचाच चार्ट बघा.

एकच पट्टा दोन डोळ्यांतून ओवणं तर मुळीच नको. ४५ अंशांत दोन वेगळे पट्टे असले तर प्रत्येक आय बोल्टला आत ओढणारा जोर ९५० किलो येतो. एकच पट्टा ओवला की दोन डोळ्यांमधला आडवा पट्टाही ताणला जातो, आणि तोच जोर २३०० किलोच्या आसपास जातो. खलाशाला दुखवू नका, कागदावर त्रिकोण काढून दाखवा. ही माणसं ताकदीचा अंदाज हाताने घेतात, पण हा आडवा जोर हाताला कळत नाही.

मोटरच्या डोक्यावरचा आय बोल्ट फक्त मोटरसाठी. कपलिंग सोडवा, मोटर वेगळी काढा.

आणि ते बिनशिक्क्याचे बोल्ट. “भोकात बसतात” हे वाचून पोटात गोळा आला. पाऊण इंची विटवर्थचे (जुन्या ब्रिटिश मापाचे) एका इंचात दहा आटे, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर २.५४ मिमी. एम-२० चं २.५ मिमी. इतके जवळ की पाऊण इंची बोल्ट एम-२० च्या भोकात हाताने सरसर जातो. पण त्याचा व्यास १९.०५, त्यामुळे आटे टोकाटोकालाच पकडतात. आमच्या वागळेत एका जुन्या प्रेसचं हाउसिंग असंच उचललं होतं. जमिनीपासून वीतभर वर गेलं आणि आय बोल्ट सरळ उपसून आला. आवाजसुद्धा फार झाला नाही. मी वाकून बघितलं तर भोकातून बिडाचा काळा भुगा गळत होता, बोल्टचे आटे मात्र जसेच्या तसे. हाउसिंग लाकडी ठोकळ्यावर पडलं. दोन मिनिटं आधी माझा जोडीदार तोच ठोकळा सरकवायला वाकला होता. आज त्याला नातू आहे, पण तो दिवस आठवला की मी अजून त्याला फोन करतो.

पिच गेजवर (आट्यांमधलं अंतर जुळवून बघायच्या पट्टीवर) विसंबू नका, दहा आट्यांत फरक जेमतेम ०.४ मिमी. व्हर्नियर (व्यास मोजायचं साधन) घ्या. आट्यांवरचा व्यास साडेएकोणीसच्या खाली भरला तर तो बोल्ट बाजूला.

तळोजा_भाऊ
काका, एवढं लांबवू नका. आय बोल्ट पूर्ण घट्ट केला की डोळा पट्ट्याला आडवा येतो, म्हणून आम्ही अर्धा फेरा मागे घेतो. वर्षानुवर्षं करतोय, काही झालं नाही.

वागळे_जुना_फिटर
भाऊ, कॉलर (डोळ्याखालची रुंद कड) पृष्ठभागावर सपाट टेकलेली असते म्हणूनच तिरका भार बॉडीत जातो. मागे घेतलात की कॉलर अधांतरी राहते आणि सगळं वाकवणं पहिल्या आट्यावर येतं. डोळा पट्ट्याच्या रेषेत आणायचा तर कॉलरखाली पातळ शिम (पत्र्याची चकती) घाला. एम-२० एका फेऱ्यात अडीच मिमी उतरतो, म्हणजे पाव फेरा फिरवायचा तर ०.६ मिमीचा शिम. आमच्याकडे ०.२ पासून शिम कापून तारेत ओवून ठेवलेले असायचे.

रबाळेवाले, भोकं आधी हवेने साफ करा आणि एम-२० चा टॅप (आटे पाडायचं हत्यार) हाताने एकदा फिरवा. तळाशी ग्रीस, रंग साचलेला असतो, बोल्ट तिथेच अडतो आणि कॉलर टेकल्यासारखी वाटते. डीनच्या एम-२० ला आट्याची लांबी ३० मिमी असते, अकरा-बारा फेरे आत जायला हवेत. मोजत फिरवा.

सेफ्टी_महापे
एक पुरवणी. फॅक्टरी अ‍ॅक्ट १९४८ (नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू) च्या कलम २९ प्रमाणे लिफ्टिंग टॅकलची (उचलायच्या साधनांची) वर्षातून निदान एकदा सक्षम व्यक्तीकडून तपासणी सक्तीची होती. आय बोल्टही त्यातच धरा, प्रत्येकाला नंबर द्या. डब्यात नंबराशिवाय पडलेला बोल्ट म्हणजे तपासणी झालेलीच नाही.

रबाळे_मेंटेनन्स
काका, मनापासून आभार. भोकं बॉडीलाच आहेत. काल संध्याकाळी व्हर्नियर लावला. अकरा बोल्टांपैकी तीन १८.९ च्या आसपास निघाले, तिन्ही बिनशिक्क्याचे. एकाचा डोळा लांबट झालेला. साहेबांशी बोलून शेजारच्या शेडमधून स्प्रेडर बीम (पट्टे लांब ठेवणारा आडवा दांडा) मागवलाय, म्हणजे ओढ सरळ राहील. चारही कोपऱ्यांना शिक्क्याचेच बोल्ट लावतोय, डोळ्यात डी-शॅकल (पट्टा जोडायची पिनेची कडी). क्रेनखाली उंची मोजली, बीमसकट दीड फूट शिल्लक राहते. त्या तीन बोल्टांचं काय करू? भंगारात टाकू?

वागळे_जुना_फिटर
चार बोल्ट लावा, पण हिशोबात दोनच धरा. भार चौघांवर सारखा कधीच बसत नाही. सरळ ओढीत दोघांचे २४०० होतात, म्हणजे १९०० ला पुरतात. आधी वीतभर उचला, पाच मिनिटं तसंच धरा, चारही कॉलरखाली फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालून बघा. हात लांबून घाला, खाली कोणी नको.

ते तीन बोल्ट भंगारात तसेच टाकू नका, तिथून कोणीतरी परत आणतो. आधी ग्राइंडरने डोळा कापा, मग टाका. आणि रविवारी काम झालं की इथे दोन ओळी लिहा, मी वाट बघतोय.