पडवीतील कुंड्या, निरगुडीची धुरी आणि दिवसा चावणारे डास

प्रश्न (गुहागर)

आमचे घर पोफळीच्या वाडीला लागून असून पावसाळा सुरू झाल्यापासून भर दुपारीसुद्धा डास चावतात. पाच महिन्यांची मुलगी घरात असल्यामुळे कॉइल लावायची नाही असे ठरवून पडवीत तुळस आणि गवती चहाच्या सहा कुंड्या ठेवल्या आहेत. सासूबाई तिन्हीसांजेला निरगुडी व कडुनिंबाच्या वाळल्या पाल्याची धुरी करतात. परंतु डास फारसे कमी झालेले नाहीत आणि धुरीच्या वेळी मुलगी खोकते. तिच्या कपड्यांना कापूर किंवा निलगिरीचे तेल लावले तर चालेल का?

उत्तर (दापोली)

कृपया लावू नका. ही दोन्ही द्रव्ये पोटात गेल्यास लहान मुलांना आकडी येऊ शकते, आणि या वयाचे मूल कपडा तोंडात घालतेच. गवती चहाचा वास पानातील तेलाचा असतो व पान चुरगळल्यावरच तो नीट मोकळा होतो, त्यामुळे कुंडीत नुसत्या उभ्या असलेल्या रोपाला डास जुमानत नाहीत. धुरीने ते काही वेळ दूर राहतात हे खरे, पण पाला कोणताही असला तरी बाळाच्या छातीला तो धूरच.

दिवसा चावणारा, पायांवर पांढरे पट्टे असलेला डास एडिस जातीचा, म्हणजे डेंग्यू पसरवणारा. साचलेल्या पाण्याच्या कडेला त्याची अंडी चिकटतात, कोरडी पडली तरी कित्येक महिने तग धरतात, आणि पाणी मिळाले की आठ-दहा दिवसांत नवे डास उडू लागतात. म्हणून करवंट्या, पोफळीच्या गळलेल्या पानांचे खोलगट देठ आणि पाल्याने तुंबलेली पन्हळ आठवड्यातून एकदा रिकामी करावी, भांडी आतून घासावीत, आणि बाळाला दिवसाही मच्छरदाणीतच झोपवावे.

उत्तर (मालवण)

वरील सल्ला योग्य आहे, मात्र त्यामुळे निरगुडी निरुपयोगी समजू नये. उघड्या पडवीत विरून जाणारा तिचा वास झाकणाच्या पिंपात टिकतो. आम्ही सावलीत कुरकुरीत वाळवलेला पाला कापडी पुरचुंड्यांत बांधून उकड्या तांदळात थराथराने ठेवतो आणि त्याने टोके कमी लागतात, असा आमच्या घरचा अनुभव आहे. पाला पुरता वाळलेला हवा. एके वर्षी घाईने ओलसर पाला घातला आणि वरच्या थरातील तांदळाला बुरशी आली.

प्रश्नकर्ती (गुहागर)

आपणा दोघांचे मनापासून आभार. आज सकाळी वाडीत जाण्याआधी कुंड्यांखालच्या बशा उचलून पाहिल्या, तर सहापैकी चार बशांतील पाण्यात अळ्या वळवळत होत्या. बशा घासून, उन्हात पालथ्या घालून ठेवल्या आहेत. धुरी बंद करण्याचे सासूबाईंनी मान्य केले असून वाळलेली निरगुडी त्यांनी तांदळाच्या पिंपासाठी बाजूला काढली आहे.