ड्रेसाज वगळून फक्त क्रॉस-कंट्री? माझा विरोध आहे

चौखूर: इव्हेंटिंग म्हणजे एकाच घोड्यावर तीन परीक्षा: ड्रेसाज (रिंगणात ठरलेल्या चाली, त्यांना गुण), क्रॉस-कंट्री (मोकळ्या रानात पक्क्या अडथळ्यांवरून धाव) आणि शो जंपिंग (रिंगणात दांड्यांवरून उड्या). त्याबद्दल काल इथे एकाने लिहिलं, 'ड्रेसाज कंटाळवाणं, शो जंपिंग म्हणजे रंगीत दांड्या. दोन्ही काढा आणि निव्वळ क्रॉस-कंट्रीचा नवा खेळ सुरू करा.' रात्रभर डोक्यातून जाईना. अहो, फाइव्ह स्टारला, म्हणजे सर्वांत वरच्या पातळीला, घोडा मिनिटाला ५७० मीटरने पळतो. समोर उतार, खाली खंदक, पलीकडे ओंडका. तिथे चार ढांगांत वेग आवरून त्याचं वजन मागच्या पायांवर आणावं लागतं, आणि ते शिकवतं ड्रेसाजच! माझी पहिली घोडी उडीला वाघीण, पण लगाम आवळला की मान वर. पाण्याच्या अडथळ्यात तशीच घुसली आणि गुडघ्यांवर आली. माझं खांद्याचं हाड जुळलं, ती कायमची लंगडी झाली.

रिकीब: घोडीचं ऐकून वाईट वाटलं. पण तयारी तुमची कच्ची होती, त्यात खेळाचा काय दोष? ड्रेसाज सरावात करा, गुण कशाला? माझा थरोब्रेड, म्हणजे शर्यतीच्या जातीचा घोडा, शर्यतीतूनच आलेला. क्रॉस-कंट्रीत एकदाही अडला नाही, वेळेचा एक दंड नाही. तरी चौदावा! का, तर आदल्या दिवशी रिंगणात सलामीला स्थिर उभा राहिला नाही.

जुनं_खोगीर: थरोब्रेडचे दिवस २००४ लाच संपले. अथेन्सपासून ऑलिंपिकमधून रोड्स अँड ट्रॅक्स (लांब पल्ल्याची रपेट) गेले, स्टीपलचेस (अडथळ्यांवरून भरधाव दौड) गेली, म्हणजे दमाची परीक्षाच गेली. पूर्वी क्रॉस-कंट्रीआधी दहा मिनिटांचा थांबा असायचा, पशुवैद्य नाडी-श्वास बघायचे, थकलेला घोडा तिथेच थांबवायचे. नवा खेळ हवाय ना? मग तोच लाँग फॉरमॅट परत आणा.

चौखूर: घोड्यांना पिळून काढणारा प्रकार होता तो.

जुनं_खोगीर: तोंड सांभाळून बोला. मी वीस वर्षं तेच केलं. माझा घोडा बाविसाव्या वर्षीही रपेटीला यायचा. पिळून काढला असता तर आला असता?

रिकीब: एका घोड्यावरून नियम ठरत नाहीत. आणि मूळ मुद्दा राहिला बाजूला!

दुडकी: टोकियो ऑलिंपिकमध्ये क्रॉस-कंट्रीत स्वित्झर्लंडच्या जेट सेट या घोड्याचा अस्थिबंध फाटला, त्याला दयामरण द्यावं लागलं. त्याच ऑलिंपिकमध्ये मॉडर्न पेंटॅथलॉन या पाच प्रकारांच्या खेळात अडलेल्या घोड्याला चाबूक मारताना जगाने पाहिलं. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकनंतर त्या खेळातून घोडेस्वारीच गेली. आता फक्त सर्वांत धोक्याचा भाग वेगळा काढून मांडलात, तर लोक किती दिवस सहन करतील?

रिकीब: हा प्रश्न खरा आहे. धडकेने मोडून अडथळा खाली पाडणाऱ्या पिना प्रत्येक अडथळ्याला लावा. आणि वेगावर बक्षीस नको, ठरलेल्या वेळेच्या आधी येणाऱ्यालाही दंड करा.

चौखूर: आणि ड्रेसाजची पात्रता. किमान गुण नसतील तर मैदानात पाऊल नाही.

रिकीब: पात्रता चालेल. क्रमवारीत धरायची नाही.

चौखूर: नका धरू. मनापासून पटलेलं नाही, पण एवढं मान्य.

जुनं_खोगीर: आणि दहा मिनिटांचा थांबा?

चौखूर: तो द्या. त्याला माझा कधीच विरोध नव्हता.